कड्यावरचं मेतेखी

कायझर्सलाउटर्नमध्ये नदी शोधावी लागते. ज्या लाउटरच्या काठी हे जर्मन शहर वसलं, ती आज शहराच्या पोटातून, रस्त्यांखालच्या बंद नळांतून वाहते आणि पुढे उत्तरेला लाउटरएकन इथे ग्लान नदीला मिळते. ११५२ नंतर सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने इथल्या खडकावर तांबड्या वालुकाश्माचा वाडा बांधला. शेजारी पाणी अडवून मोठा तलाव केला. त्यातल्या मासळीचं कौतुक त्याच्या काळच्या इतिवृत्तातही आहे आणि शहराच्या चिन्हावर आजही एक मासा आहे. ११७६ मध्ये त्याने साधूंचा मठ आणि इस्पितळ स्थापलं. त्या मठाचं चर्च पुढच्या शतकात नव्याने बांधायला घेतलं गेलं, तेच आजचं तीन मनोऱ्यांचं श्टिफ्ट्सकिर्शे. १७०३ मध्ये फ्रेंच सैन्याने वाड्याची वाट लावली, एकोणिसाव्या शतकात त्याच जागी तुरुंग उभा राहिला आणि आता तिथे नगरपालिकेची टोलेजंग इमारत आहे.

हीच कथा, जवळपास याच क्रमाने, तिथून तीन हजार किलोमीटर पूर्वेला जॉर्जियाच्या राजधानीत घडली. तिबिलिसीतही राजाने नदीवरचा खडक निवडला, वाडा आणि चर्च शेजारी शेजारी बांधले, परक्या फौजा आल्या आणि शेवटी वाड्याचा तुरुंग झाला. फरक एकच. तिथली नदी अजून उघड्यावर वाहते. तुरुंग तिथेही गेला, चर्च उरलं. त्या चर्चचं नाव मेतेखी.

तिबिलिसीतून वाहणारी मत्क्वारी नकाशात बहुधा कुरा या नावाने सापडते. तुर्कस्तानच्या डोंगरात उगम पावून पंधराशे किलोमीटरचा प्रवास करत ती कॅस्पियन समुद्राला मिळते. शहरात शिरल्यावर एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांकडे सरकतात आणि पात्र आवळतं. उजव्या काठावर नारिकाला किल्ला, त्याच्या पायथ्याशी गंधकाच्या गरम पाण्याचे हमाम. डाव्या काठावर उभा कडा आणि त्याच्या अगदी टोकाला मेतेखी. पूल बांधायचा तर इथेच. इराण आणि काळा समुद्र यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्याला या पुलावरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यामुळे ज्याच्या हाती हा कडा, त्याच्या हाती पूल, आणि पूल ज्याच्या हाती त्याच्या हाती शहर. पर्यटनाच्या पुस्तकांत मेतेखीचं वर्णन भक्तीच्या सुरात येतं. मला मात्र ते पहिल्यापासून नाक्यावरचं चर्च वाटत आलं आहे. त्याच्यावर जे जे गुदरलं ते त्या नाक्यामुळे गुदरलं.

परंपरेनुसार इथलं पहिलं चर्च आणि किल्ला राजा वाख्तांग गोर्गासाली याने पाचव्या शतकात बांधला. शहर वसवल्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. त्याच शतकात होऊन गेलेल्या शुशानिक या राणीचे अवशेष पुढे इथे आणून पुरले, असं जॉर्जियन मानतात. नवऱ्याने धर्म बदलला, हिने बदलायला नकार दिला आणि वर्षानुवर्षं कैद सोसून ती मेली. याकोब त्सुर्तावेली या तिच्या धर्मगुरूने लिहिलेलं तिचं चरित्र हा आज उपलब्ध असलेला जॉर्जियन साहित्यातला सर्वांत जुना ग्रंथ.

दुसरा हुतात्मा आबो. हा अरब, बगदादचा, धंद्याने अत्तरं करणारा. एका जॉर्जियन सरदाराबरोबर तिबिलिसीत आला, भाषा शिकला, ख्रिस्ती झाला. तेव्हा शहरावर अरबांचा अंमल होता आणि धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड होता. ६ जानेवारी ७८६ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. कोणी अवशेष पुजू नयेत म्हणून प्रेत जाळून राहिलेलं सगळं पुलाजवळ नदीत टाकलं. व्हायचं ते उलटंच झालं. बगदादचा हा गंधी आज तिबिलिसीचा पालक संत आहे आणि कड्याच्या पायथ्याशी त्याच्या नावाचं छोटं चॅपेल आहे.

पुलाची सर्वांत भयंकर आठवण १२२६ ची, आणि तिचा एक धागा आपल्या सिंधू नदीपर्यंत येतो. मध्य आशियातल्या ख्वारझमचा शहा जलालुद्दीन चंगीझखानापुढे पळत पळत १२२१ च्या नोव्हेंबरात सिंधूकाठी येऊन अडकला. मागे मंगोल, पुढे पाणी. त्याने घोडा उंच काठावरून थेट नदीत घातला आणि पलीकडे गेला. इराणी इतिहासकार जुवैनी सांगतो की ते पाहून चंगीझखानसुद्धा थक्क झाला. दिल्लीच्या अल्तमशने त्याला थारा दिला नाही. पंजाब-सिंधमध्ये दोन-तीन वर्षं काढून तो इराणकडे वळला आणि गेलेल्या राज्याची भरपाई दुसऱ्याच्या राज्यातून करू लागला. १२२५ मध्ये गार्नीच्या लढाईत त्याने जॉर्जियन सैन्य मोडलं आणि पुढच्या मार्चमध्ये तिबिलिसी घेतलं. राणी रुसुदान आधीच पश्चिमेला कुताइसीत निघून गेली होती. जॉर्जियन इतिवृत्त सांगतं की त्याने येशूच्या आणि मेरीच्या तसबिरी पुलावर अंथरायला लावल्या आणि लोकांना त्या तुडवत जायचा हुकूम केला. जे अडले त्यांची डोकी उडवून धडं नदीत लोटली. इतिवृत्तकार मेलेल्यांचा आकडा एक लाख देतो. तेराव्या शतकातल्या त्या शहराची एकूण वस्ती तरी तेवढी असेल का, अशी शंका मला येते. मोजता येत नाही तिथे इतिवृत्तकार लाखाचा आधार घेतात, ही खोड आपल्याकडच्या बखरकारांनाही होतीच. कत्तल मात्र खरी होती. जॉर्जियन चर्च १३ नोव्हेंबरला या हुतात्म्यांचं स्मरण करतं.

ज्या मंगोलांना भिऊन जलालुद्दीन पळाला होता, ते १२३५ मध्ये त्याच्या मागोमाग जॉर्जियात आले. त्या स्वारीत मेतेखीचं जुनं बांधकाम नष्ट झालं.

आज जे चर्च दिसतं ते १२७८ ते १२८४ या काळात राजा देमेत्रे दुसरा याने बांधलं. म्हणजे आपल्याकडे देवगिरीच्या गादीवर रामदेवराय यादव होता आणि ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून काही वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. कायझर्सलाउटर्नला १२७६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला, तिथल्या चर्चचा पूर्वेकडचा भागही याच सुमारास घडत होता. पण तिथले बांधणारे आणि देमेत्रे यांची परिस्थिती एक नव्हती. देमेत्रे मांडलिक होता. इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल इल्खानांना खंडणी द्यायची, ते सांगतील त्या मोहिमेवर जायचं, १२८१ मध्ये थेट सीरियात होम्सच्या लढाईत त्यांच्या बाजूने लढायचं, आणि उरलेल्या पैशात चर्च बांधायचं. शिवाय त्याच्या स्वतःच्या धर्मगुरूंनाही तो फारसा पसंत नव्हता, कारण त्याने तीन बायका केल्या होत्या. चर्च बांधणारा राजा आणि चर्चचीच त्याच्यावर वक्रदृष्टी, असा तो प्रकार होता.

१२८९ मध्ये मंगोल दरबारात बुका नावाच्या बड्या सरदाराचं कारस्थान उघडकीला आलं. देमेत्रेचे त्याच्याशी संबंध होते. इल्खान अर्घूनने त्याला बोलावलं. जावं तर मरण, न जावं तर मंगोल फौज देशावर चालून येणार. सरदारांनी डोंगरात निघून जायचा सल्ला दिला. तो गेला, पण अर्घूनकडे. त्याच वर्षीच्या १२ मार्चला त्याचं डोकं उडवलं गेलं. जॉर्जियन लोकांनी त्याला आत्मबलिदान करणारा अशी पदवी दिली आणि तीन बायकांसकट संतांच्या यादीत बसवलं.

त्याच्या चर्चकडे जरा जवळून पाहू, कारण ते वाटतं तितकं साधं नाही. लांबी साधारण वीस मीटर, रुंदी सोळा. राजाच्या वाड्यातलं चर्च म्हणून बेताचंच. आराखडा क्रुसाचा: मधल्या चौकात चार खांब, त्यांवर कमानी, कमानींच्या कोपऱ्यांतल्या वक्र त्रिकोणांवर गोल गळा, गळ्याला उंच अरुंद खिडक्या आणि वर शंकूसारखी टोपी. एवढं जॉर्जियात कुठेही दिसतं. पण त्या काळात तिथे घुमटाचा अर्धा भार दोन मोकळ्या खांबांवर आणि उरलेला गाभाऱ्याच्या भिंतींच्या कोपऱ्यांवर टाकायची पद्धत रुळली होती. त्याने आतली जागा मोकळी होते. मेतेखीत चारही खांब मोकळे आहेत, म्हणजे पद्धत जुनी. पूर्वेच्या बाजूला तीन अर्धगोल स्पष्ट बाहेर आलेले आहेत, आणि हेही वेगळंच. जॉर्जियन गवंडी सहसा ते अर्धगोल सपाट भिंतीआड लपवतो आणि बाहेरून नुसत्या उभ्या खाचा ठेवतो. इथे तसं नाही. मंगोलांनी पाडलेल्या जुन्या चर्चचा पाया आणि त्याची आठवण नव्या बांधकामाने जपली असावी, असा माझा तर्क.

भिंत कशी केली हेही पाहण्यासारखं आहे. आपल्या हेमाडपंती देवळांत घडीव दगड एकमेकांत गुंतवून, चुना न घालता, वजनावर उभे केलेले असतात. जॉर्जियन भिंतीचा घडीव दगड म्हणजे नुसता अंगरखा. आत चुन्यात कालवलेली दगडगोट्यांची भरताड, आणि दोन्ही अंगांना नीट तासलेल्या फरशा. म्हणूनच तोफेचा गोळा किंवा भूकंप भिंतीचा पृष्ठभाग सोलून काढतो, पण गाभा तगून राहतो आणि पुढच्या राजाला वरून नवा अंगरखा चढवता येतो. मेतेखीत ही ठिगळं उघड दिसतात. खाली तासलेला दगड, आणि घुमट व पूर्वेचा बराच भाग विटांचा. ज्याच्या काळात जे परवडलं ते लागलं. नक्षी जवळपास सगळी पूर्वेकडच्या खिडक्यांभोवती एकवटली आहे. बाकी भिंतींवर आडव्या पट्ट्यांपलीकडे फारसं काही नाही.

सोळाव्या शतकापासून जॉर्जिया इराणचे सफवी शहा आणि तुर्की सुलतान यांच्या कात्रीत सापडला. इथे मेतेखीच्या कथेला गोव्याकडे जाणारी एक वाट फुटते. पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान हिला १६१४ मध्ये तिचा मुलगा राजा तैमुराज याने शहा अब्बासकडे वाटाघाटीसाठी पाठवलं. शहाने तिला ठेवून घेतलं, शिराजमध्ये दहा वर्षं नजरकैदेत डांबलं आणि धर्म बदलायला सांगितलं. ती नाही म्हणाली. सप्टेंबर १६२४ मध्ये तापवलेल्या सांडसांनी हाल करून तिला मारण्यात आलं. त्याच साली नगरजवळ भातवडीच्या लढाईत मलिक अंबर आणि शहाजीराजे मोगल-आदिलशाही फौजांशी झुंजत होते. दख्खन आणि इराण तेव्हा वाटतात तितके लांब नव्हते.

शिराजमधल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप बाहेर काढले. काही भाग तैमुराजला पोचवला आणि काही १६२७ मध्ये आपल्या गोव्यातल्या मठात आणला. मठ म्हणजे जुन्या गोव्यातल्या मोंती सांतो टेकडीवरचं सेंट ऑगस्टिन, जिथून मांडवी दिसते. १५९७ ते १६०२ या काळात जांभ्या दगडात बांधलेलं ते चर्च १८३५ मध्ये ओसाड पडलं, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग ढासळला. आज शेहेचाळीस मीटरचा एकच सुळका शिल्लक आहे. जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलं होतं की राणीची पेटी मठाच्या एका खोलीत दुसऱ्या खिडकीपाशी आहे. प्रश्न एवढाच होता की पडलेल्या भिंतींच्या ढिगाऱ्यात ती खिडकी कोणती. जॉर्जियाने १९८० च्या दशकाच्या शेवटी भारताकडे विनंती केली, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणायला घेतलं आणि २००४ च्या सुमारास खिडकीच्या जागेजवळ हाताचं एक लांब हाड मिळालं. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्याचा डीएनए तपासला. आईकडून येणारा जो जनुकीय गट सापडला तो यू-१-बी. हा भारतीय नमुन्यांत नाही, जॉर्जियात आहे. तिथेच मिळालेल्या दुसऱ्या दोन हाडांत मात्र भारतीय गट निघाले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषांचा भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला. सायलेशियाच्या आंद्रेआस ग्रिफियस या नाटककाराने तर साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच, राणीला मारल्याला पुरती पस्तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, तिच्यावर जर्मन शोकांतिका छापली होती. बातमी शिराजहून युरोपापर्यंत गेली होती.

आता पुन्हा कड्यावर. तैमुराजने पुढे तिबिलिसीचं कार्तली राज्यही काही वर्षं सांभाळलं. १६३३ मध्ये इराणच्या शहाने त्याला हाकलून आपला माणूस आणून बसवला. तो रोस्तोम. जॉर्जियन राजघराण्यातलाच, पण इस्फहानात वाढलेला आणि मुसलमान झालेला. त्याने मेतेखीच्या भोवती तटबंदी पक्की केली आणि मोठी शिबंदी ठेवली. याच रोस्तोमने मारियम दादियानी या ख्रिस्ती राजकन्येशी लग्न केलं ते दोन्ही धर्मांच्या रीतीने, आणि तिच्या पुढाकाराने देशातल्या अनेक पडक्या चर्चची डागडुजी झाली. शहाच्या हुकमतीखाली राज्य करायचं तर अशीच कसरत करावी लागत असणार. मेतेखीची शिबंदी मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ हलली नाही. १७४८ मध्ये एरेक्ले दुसरा याने इराणी सैन्य बाहेर काढलं आणि चर्च दुरुस्त केलं. १७९५ मध्ये आगा महमद खानाने शहर पुन्हा जाळलं. या रहाटगाडग्याला कंटाळून म्हणा, १८०१ मध्ये पूर्व जॉर्जिया रशियाच्या पदरात पडला.

रशियनांनी आल्या आल्या चर्चची बराक केली. १८१९ मध्ये किल्ला पाडून त्या जागी तुरुंग बांधला. साधारण त्याच वेळी, १८१७ पासून, दुष्काळाने कावलेले जर्मन शेतकरी व्युर्टेम्बर्गहून डॅन्यूबच्या वाटेने इथे येऊन वसाहती करत होते, आणि त्यातली एक तिबिलिसीतच होती. त्यांची मुलंनातवंडं तुरुंगाच्या भिंती पाहत मोठी झाली आणि १९४१ मध्ये स्टालिनने त्यांच्या वंशजांना एका फटक्यात मध्य आशियात हद्दपार केलं. तुरुंगात राजकीय कैदी पुष्कळ. मॅक्झिम गॉर्कीला १८९८ मध्ये इथे ठेवलं होतं, सहा वर्षांपूर्वी ज्या शहराच्या वर्तमानपत्रात त्याची पहिली कथा छापून आली होती त्याच शहरात. १९०३ मध्ये लादो केत्सखोवेली हा तरुण बोल्शेविक कोठडीच्या खिडकीशी उभा असताना पहारेकऱ्याच्या गोळीने मेला. बोल्शेविक सत्तेवर आले तेव्हा वाटावं की आता हा तुरुंग बंद होईल. त्यांनी तो आणखी दीड दशक चालवला. बंद झाला १९३८ मध्ये.

त्याच्या आधी चर्चच पाडायचं घाटत होतं. तेव्हा जॉर्जियात लाव्हरेंती बेरियाचा शब्द म्हणजे कायदा. त्याला विरोध केला दिमित्री शेवार्दनाझे याने. हा चित्रकार म्युनिकमध्ये शिकलेला, जॉर्जियाचं राष्ट्रीय चित्रसंग्रहालय उभं करणारा. सांगितलं जातं ते असं: चर्चची हुबेहूब प्रतिकृती करून संग्रहालयात ठेवा, लोकांना तेवढी पुरे, आणि संग्रहालय तुम्हीच सांभाळा, असं बेरियाने सुचवलं. शेवार्दनाझे ऐकेना. १९३७ मध्ये त्याला पकडून गोळ्या घातल्या. चर्च मात्र पाडलं गेलं नाही. त्या वर्षी जॉर्जियात इतके लेखक, कलावंत मारले गेले की केवळ मेतेखीपायी तो गेला असं म्हणणं धाडसाचं होईल. पण त्याच्या नावाशी ही इमारत कायमची जोडली गेली आहे आणि ते योग्यच आहे.

नंतरची वर्षं रिकामी. १९६७ मध्ये कड्याच्या टोकावर वाख्तांग गोर्गासालीचा अश्वारूढ पुतळा बसला, शिल्पकार एल्गुजा अमाशुकेली. एक हात उंचावून तो नदीपलीकडच्या जुन्या शहराकडे पाहतो. १९७० च्या दशकात सान्द्रो म्रेव्लिश्विली या दिग्दर्शकाने चर्चमध्ये तरुणांचं थिएटर सुरू केलं. धर्माला सरकारदरबारी थारा नसलेल्या काळात चार खांबांच्या मधोमध नाटकं होत होती. त्याआधीच्या वापरांच्या मानाने, माझ्या मते, हा वापर त्या वास्तूला शोभणारा होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंडखोर लेखक आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष झ्वियाद गामसाखुर्दिया याने चर्च परत मिळावं म्हणून उपोषण केलं, लोक रस्त्यावर उतरले आणि १९८८ मध्ये मेतेखी जॉर्जियन धर्मपीठाच्या ताब्यात आलं.

आज तिथे रोजची उपासना चालते. आत ऑर्थोडॉक्स रीतीप्रमाणे बाकडी नाहीत, सगळा विधी उभ्यानेच. बायकांना डोक्यावर ओढणी घ्यावी लागते. बाहेर पुतळ्यापाशी जी फरसबंद गच्ची आहे, जिथे उभं राहून प्रवासी समोरच्या हमामांचे घुमट आणि नारिकाला एका फोटोत बसवू पाहतात, ती तुरुंगाची जागा.